ग्रामपंचायत कार्यालयाला कॅमेरे: सिमचे घ्यावेत की वायरचे?

महिन्याभरात आमच्या पलूस तालुक्यातल्या तिघा ग्रामसेवक सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. पावसाळ्याच्या आत कार्यालयाला कॅमेरे बसवायचेत, ग्रामनिधीत थोडी शिल्लक आहे, सरपंचांच्या मनात सिमकार्डवर चालणारे सोलर कॅमेरे आहेत, आणि दुकानदार म्हणतोय डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचा) वायरचा संच घ्या. मी दोन्ही वापरलेत. आधीच्या गावात, वाळवा तालुक्यात, चार वर्षं वायरचा संच होता. इथं चार्ज घेतला तेव्हा सिमचे तीन कॅमेरे आयते मिळाले. आता कार्यालयात पुन्हा वायरचाच संच आहे. असं का झालं ते सांगतो. तुमच्या गावची गरज वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

चित्राच्या स्पष्टतेवर फार वेळ घालवू नका. कार्यालयाच्या दारात उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येण्याइतकं दोन्हीत दिसतं. रात्रीचंही बरं दिसतं. फक्त महिन्यातून एकदा काचेपुढची कोळ्याची जाळी झाडूने काढावी लागते.

सिमच्या कॅमेऱ्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही, लाइट गेली तरी चालू. बसवायला एक दुपार पुरते. आमच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीवर, आजही असाच एक कॅमेरा आहे आणि तिथं मला दुसरा पर्याय दिसत नाही. नदीकाठाला, गावापासून दीड किलोमीटरवर, वायर कुठून नेणार? पाण्याची टाकी, स्मशानभूमी, लोक रात्री कचरा आणून टाकतात ती ओढ्याकडची जागा, अशा ठिकाणी सिमचाच घ्यावा.

कार्यालयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथं नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही आहे, जन्म-मृत्यूची नोंदवही आहे, संगणक आहेत, वसुलीची रोकड कधीकधी रात्रभर कपाटात राहते. आणि मुख्य म्हणजे इथली माणसं बदलत राहतात. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, आपण बदलीवर जातो, संगणक परिचालक तर मध्येच सोडून जातो. माझा निर्णय याच एका गोष्टीवरून झाला.

मला मिळालेल्या चार्ज यादीत ‘कॅमेरे, नग ३’ एवढीच नोंद होती. कॅमेऱ्याचं ॲप आधीच्या भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं. माणूस भला, त्यांनी लगेच मला शेअर करून दिलं. मला थेट चित्र दिसायला लागलं आणि काम झालं असं मी समजलो. मागचं रेकॉर्डिंग मात्र मूळ खातेदाराच्याच मोबाइलवर उघडतं, हे मला आषाढात कळलं. एका रात्री कार्यालयाच्या मागच्या शेडचं कुलूप तोडून दुरुस्तीला आणलेली पाणबुडी मोटार आणि केबलचं वेटोळं नेलं. सकाळी नऊला हवालदार आले. पंचनामा झाला आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, “फुटेज द्या.”

भाऊसाहेब पंढरपूरला वारीत. फोन बंद. खांबाला शिडी लावून शिपाईमामांनी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं, संगणकाला लावलं, तर फायलींची नावं दिसतात पण एकही उघडेना. त्या फक्त कॅमेऱ्याच्या ॲपमध्येच उघडणाऱ्या होत्या. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, खातं ज्याच्या नंबरवर आहे त्याच्याच मोबाइलवर ओटीपी जाणार. रात्री आठला भाऊसाहेबांचा फोन लागला. वारीच्या गर्दीत उभं राहून त्यांनी व्हिडिओ शोधला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. माझ्यापर्यंत आला तो चाळीस सेकंदांचा, दाबून बारीक झालेला, कोपऱ्यातली वेळ वाचता येत नव्हती. हवालदारांनी तो बघितला आणि शांतपणे सांगितलं, “भाऊसाहेब, याचा तपासाला उपयोग होईल, पण कोर्टाला मूळ लागतं. प्रमाणपत्र कोण देणार?”

हे प्रमाणपत्र म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५ ब चं, डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हापासून ते कलम ६३ खाली द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलची हॅश (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा संकेतांक) लिहून सही करायची, दुसरा भाग तज्ज्ञाचा. आता सांगा, कॅमेरा ग्रामपंचायतीचा, खातं बदली होऊन गेलेल्या माणसाच्या खासगी नंबरवर, रेकॉर्डिंग कुठल्याशा क्लाउडवर. माझ्या ताब्यात नेमकं काय होतं? मी सही कशावर करायची? त्या दिवशी मला फार अपुरं वाटलं. चोरीला गेली ती गावच्या पाण्याची मोटार होती, आणि गावाने पैसे मोजून घेतलेला पुरावा गावाच्याच हातात नव्हता.

वायरच्या संचात हा प्रश्न येत नाही. डीव्हीआर ही एक वस्तू आहे. तिचा अनुक्रमांक जडवस्तू नोंदवहीत लिहिता येतो. चार्ज देताना ती दाखवता येते. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालायचा, चिकटवलेल्या जागेवर सरपंचांची आणि आपली आडवी सही घ्यायची आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवायचं. दुकानदाराने बसवताना घातलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदला. मी तसं करतो. माणूस बदलला की पाकीट फोडून पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट करायचं. पोलिसांना फुटेज हवं असेल तर पेनड्राइव्ह लावून तिथल्या तिथं मूळ फाइल निघते. गेल्या जूनमध्ये मी पंचायत समितीत बैठकीला होतो, तेव्हा दाखल्यांच्या रांगेत झालेल्या मारामारीचं रेकॉर्डिंग आमच्या शिपाईमामांनी पंधरा मिनिटांत काढून दिलं. प्रमाणपत्रावर सही मी संध्याकाळी केली.

दुसरा फरक साठवणीचा. सिमचा कॅमेरा सहसा अखंड रेकॉर्ड करत नाही, हालचाल दिसली की तेवढंच घेतो. त्याला इलाज नाही. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट (२ एमबीपीएस) धरले तर दिवसाला २१-२२ जीबी होतात, आणि रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या सिमवर ते कसं बसणार? डीव्हीआरमध्ये चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी म्हटले तरी २ टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे राहतात. गावातली तक्रार घटनेच्या दिवशी क्वचित येते. माणसं आधी घरात बोलतात, भावकीत बोलतात, मग आठ-दहा दिवसांनी कार्यालयात येतात.

वायरच्या संचाचे त्रासही सांगितलेच पाहिजेत. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पाइपातून घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अर्थिंग नसलेल्या कार्यालयात काहीतरी जळतंच. वाळव्याकडच्या गावात एका मे महिन्यात माझे दोन कॅमेरे आणि पॉवर सप्लाय एकदम गेले होते. तिथंच आणखी एक धडा मिळाला. डीव्हीआरच्या आतला बटणासारखा सेल संपला होता, आणि लाइट जाऊन आली की पडद्यावर तारीख ०१-०१-२००० यायची. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. आता दर सोमवारी शिपाईमामा मॉनिटरवरची तारीख आणि वेळ मोबाइलशी ताडून वहीत सही करतात. आदल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचं एक मिनिट चालवूनही बघतात, म्हणजे डिस्क मेली असेल तर लगेच कळतं. यूपीएसचा खर्च धरायला विसरू नका.

कृष्णाकाठच्या गावांनी डीव्हीआर कुठं ठेवायचा हे आधी ठरवावं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा घरात आलं. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण रंगवलेली आहे. डीव्हीआरची पेटी मी त्या खुणेच्या वर दोन हात, जिन्याच्या लँडिंगवर बसवून घेतली. पाणी त्याहून चढण्याची भीती वाटली तर वायरी काढून तो दप्तराबरोबर उचलता येतो. सिमचे कॅमेरे खांबावर उंच, तेव्हा ते बुडत नाहीत हे मान्य. पण टॉवर बंद पडला की त्यांच्याकडून चित्र यायचं थांबतं.

डीव्हीआर की एनव्हीआर (तशीच पेटी, पण नेटवर्क केबलवर चालणारी), यात मी फार पडणार नाही. लहान इमारतीला दोन्ही चालतात. इमारत नवीन असेल आणि वायरिंग चालू असेल तर नेटवर्क केबलचा एनव्हीआर घ्यावा, एकाच केबलमधून वीज आणि चित्र जातं. केबल शंभर मीटरच्या आत ठेवा. जुन्या संचाची कोॲक्स वायर (टीव्हीच्या केबलसारखी) चांगली असेल तर डीव्हीआरच ठेवा, भिंती कशाला फोडायच्या. काहीही घेतलं तरी बिलाबरोबर त्या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा. देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना केंद्राची सुरक्षा चाचणीची अट ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहे, लेखापरीक्षणात तो कागद उपयोगी पडेल. आमचा चार कॅमेऱ्यांचा संच यूपीएस धरून पस्तीस हजारांच्या आसपास बसला. सिमचे तीन कॅमेरे त्याहून स्वस्त होते, पण दर महिन्याचा रिचार्ज कुणी करायचा यावर गावात दोनदा वाद झाला आणि एकदा कॅमेरे बारा दिवस बंद राहिले.

जॅकवेलवरच्या कॅमेऱ्याचं सिम मी ग्रामपंचायतीच्या नावावर घेतलंय. ते कॅमेऱ्यात आहे. ॲपचं खातं आणि ओटीपी दुसऱ्या सिमवर, तेही ग्रामपंचायतीचंच. ते एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून फोन कार्यालयाच्या टेबलाच्या खणात ठेवलाय. दोन्ही नंबर जडवस्तू नोंदवहीत कॅमेऱ्याच्या नोंदीसमोर लिहिलेत.