किटलीतला पांढरा थर: व्हिनेगर की लिंबूसत्त्व?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर टँकर-बोअरच्या पाण्यावर चहा करणाऱ्या मैत्रिणीचा हा प्रश्न. थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) ही दोन्ही आम्लं त्याला विरघळवतात. बारीक बुडबुडे फुटू लागले की काम सुरू झालं समजा.

खर्चात लिंबूसत्त्व स्वस्त: लिटरभर पाण्याला एक-दोन चमचे पुरतात. व्हिनेगर मात्र निम्मी किटली भरून लागतं, वर निम्मं पाणी. शिवाय तापवलं की घरभर वास, आणि नीट न धुतल्यास चहातही! लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, उकळत मात्र ठेवू नका.

थर पुन्हा धरू नये म्हणून दोन्ही निरुपयोगी. उरलेलं पाणी रोज ओतून टाकावं.

महिन्याला थर धरत असेल तर लिंबूसत्त्वच. क्वचितच लागणार आणि घरात चायनीजसाठी आणलेली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली पडून असेल, तर तीच वापरा.