हिरवा-पिवळा स्क्रबर सोडायचा, तर भांडी कशाने घासायची?

सिंकपाशी पडलेला हिरवा-पिवळा स्क्रबर सहसा दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच असतो. पिवळा फोम पॉलियुरेथेनचा, हिरवा थर नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्यांचा. तो झिजतो तसे त्याचे बारीक कण सांडपाण्यात जातात, आणि उरलेला चोथा भंगारवालाही घेत नाही. त्याच्या जागी आणण्यासारख्या गोष्टी तीन: लूफा म्हणून विकली जाणारी घोसाळ्याची जाळी, काथ्याची घासणी आणि सेल्युलोजचा स्पंज.

रोजच्या भांड्यांसाठी माझं मत घोसाळ्याला. कोरडी असताना ती लाकडासारखी कडक लागते, पण भिजली की मऊ पडते. ताटवाट्या, कुकरची भांडी, कणकेची परात व्यवस्थित निघते आणि नॉनस्टिकवर ओरखडे पडत नाहीत. तूप-तेल मात्र जाळीत अडकून राहतं, तेव्हा शेवटी ती गरम पाण्यात खळबळून घ्यावी लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती नीट वाळत नाही, काळे ठिपके धरते. त्यावर उपाय एकच, दोन जाळ्या आलटूनपालटून वापरायच्या. अंगणात किंवा गच्चीत वेल असेल तर विकतही आणू नका. चार घोसाळी वेलावरच जून होऊन वाळू द्या, साल सोला, बिया झटका. बिया पुढच्या वर्षीच्या लागवडीला होतात.

करपलेल्या दुधाचं पातेलं, भाकरीचा तवा, लोखंडी कढई यांपुढे घोसाळं हात टेकतं. तिथे काथ्याच हवा. कोकणात नारळाची शेंडी याच कामाला वापरत आले आहेत, फुकटात. काच आणि नॉनस्टिकपासून तो लांब ठेवा. धागे गळतात, म्हणून सिंकला जाळी हवी. विकतची घासणी असेल तर ती नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली नाही ना, तेही पाहून घ्या.

सेल्युलोजचा स्पंज लाकडाच्या लगद्यापासून बनतो. पाणी टिपण्यात त्याचा कोणी हात धरणार नाही. ओटा पुसायला उत्तम, भांडी घासायला लेचापेचा. खरी मेख वेगळीच: अनेकदा त्याला खरखरीत थर चिकटवलेला असतो, तो नायलॉनचा निघतो. पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

स्टीलच्या तारेची घासणी प्लास्टिकमुक्त आहे, पण खतात कुजत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्जंतुक असंही समजू नका. २०१७ साली जर्मनीत वापरातले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जिवाणू आढळले. जिवाणूंना ओल आणि खरकटं मिळालं की पुरे, मग धागा घोसाळ्याचा असो की फोमचा. घासणी टांगून वाळवायची आणि वास यायला लागला की बदलायची, हे कशालाच चुकलेलं नाही.

खताच्या डब्यात घोसाळं आणि निव्वळ सेल्युलोज बारीक कापून टाकलं तर लवकर कुजतं. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा आणि सावकाश कुजणारा घटक, भरपूर, त्यामुळे तो रेंगाळतो. त्यापेक्षा कुंडीच्या तळाशी घाला. घरी डबा नसेल तर ओल्या कचऱ्यात द्या.

आणि भांडी घासायला ताई येत असतील तर निवड त्यांच्यावर सोपवा. घोसाळ्याची आणि काथ्याची, दोन्ही घासण्या आठवडाभर सिंकपाशी ठेवा. त्यांचा हात जिच्याकडे जाईल तीच पुढच्या महिन्यात मागवा.