प्रिझनर्स डिलेमा, स्टॅग हंट की सिग्नलिंग गेम: कुठून सुरुवात करायची?

माणसं सहकार्य का करतात, शब्दाला अर्थ कुठून येतो, असले प्रश्न इव्होल्युशनरी गेम थिअरीने बघायचे असतील, एमएच्या डेझर्टेशनसाठी म्हणा किंवा नुसतं लॅपटॉपवर सिम्युलेशन चालवून बघायला म्हणा, तर पहिला घोळ गेम निवडण्यातच होतो. बहुतेक जण डोळे झाकून प्रिझनर्स डिलेमा (कैद्यांची कोंडी: दोघांनी साथ दिली तर दोघांचं बरं, पण प्रत्येकाला एकट्याने दगा देणं जास्त फायद्याचं) उचलतात कारण तेवढं एक नाव ऐकलेलं असतं. मत आधीच सांगून टाकते, प्रश्न संवादाचा असेल तर तो गेम सगळ्यात शेवटी घ्या.

वर नावं घेतलेल्या तिन्ही गेममध्ये मशिनरी तीच. खेळणारा हुशार असायची गरज नाही, ज्या स्ट्रॅटेजीला जास्त पॉइंट मिळतात ती पुढच्या पिढीत वाढते, बस. १९७३ साली मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी नेचरमध्ये प्राण्यांच्या भांडणांवर हे मांडलं, तत्त्वज्ञानवाल्यांनी नंतर उचललं.

प्रिझनर्स डिलेमाचा मोठा प्लस पॉइंट म्हणजे मटेरियल ढीगभर. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉडने कॉम्प्युटर प्रोग्रॅमना एकमेकांशी हा गेम पुन्हा पुन्हा खेळवून टुर्नामेंट घेतल्या, पहिल्यात १४ एन्ट्री, दुसरीत ६२, आणि दोन्ही वेळा ॲनातोल रापोपोर्टची टिट फॉर टॅट जिंकली, म्हणजे सुरुवात चांगुलपणाने आणि मग जशास तसं. पायथनमध्ये ॲक्सेलरॉडच्याच नावाची लायब्ररी आयती मिळते, एका संध्याकाळीत ग्राफ हातात. अडचण अशी की एकदाच खेळायचं असेल तर समोरचा काहीही करो, दगा देणंच फायद्याचं, त्यामुळे त्याने साथ देईन म्हणून शपथा घेतल्या तरी तुमचं गणित तसूभर हलत नाही. बोलण्याला किंमतच शून्य! सहकार्य टिकतं ते पुन्हा गाठ पडणार म्हणून, किंवा नात्यागोत्यामुळे, किंवा शेजारी तेच तेच राहतात म्हणून. तुमचा प्रश्न परतफेडीचा, उपकाराचा, सूडाचा असेल तर खुशाल घ्या, पण गर्दी फार आहे आणि नवीन काही सांगायला जागा कमी.

त्यातला मला आवडणारा किस्सा मात्र २००४ चा. ॲक्सेलरॉडच्या टुर्नामेंटच्या धर्तीवर पुन्हा स्पर्धा झाली, साउथहॅम्प्टन युनिव्हर्सिटीच्या टीमने ६० प्रोग्रॅम घातले, हे प्रोग्रॅम पहिल्या पाच ते दहा चालींचा ठरलेला पॅटर्न खेळून एकमेकांना ओळखायचे, आपलाच निघाला की एक जण मुद्दाम मार खायचा आणि दुसऱ्याच्या खात्यात पॉइंट टाकायचा, परका निघाला की दगा. पहिले तीन नंबर त्यांचेच. म्हणजे बोलायची सोय नसलेल्या गेममध्ये लोकांनी चालींचीच भाषा केली आणि तिच्यावर जिंकले.

आता स्टॅग हंट. रूसोने १७५५ मध्ये दिलेलं उदाहरण, सगळ्यांनी मिळून हरीण मारायचं की आपापला ससा धरून घरी जायचं. आकडे असे घ्या: दोघं हरणामागे तर प्रत्येकी ४, ससा धरणाऱ्याला काहीही झालं तरी ३, एकटाच हरणामागे लागला तर ०. आता लोकसंख्येत हरीणवाले तीन चतुर्थांशाहून जास्त असतील तरच हरणामागे जाणं परवडतं, नाहीतर हळूहळू सगळे सशावर येतात, निम्मे लोक चांगले असून उपयोग नाही. इथे दगाफटका नाहीच, प्रश्न फक्त भरवशाचा आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या आजूबाजूचे जे प्रसंग आपण कैद्यांची कोंडी म्हणून खपवतो त्यातले बरेचसे हे असतात, सोसायटीत वर्गणी काढून टाकी दुरुस्त करायची तेव्हा पैसे बुडवायला कोणी बसलेलं नसतं, बाकीचे देतील का एवढंच प्रत्येकाला बघायचं असतं.

इथे बोलण्याने फरक पडतो. तत्त्वज्ञ ब्रायन स्कर्म्सने खेळाच्या आधी फुकटचे सिग्नल टाकून पाहिले, ज्यांना सुरुवातीला काहीच अर्थ नाही, आणि सुरुवातीच्या ज्या मिश्रणांवरून लोकसंख्या शेवटी हरणाकडे जाते त्यांचं प्रमाण वाढलं. गंमत म्हणजे सगळं स्थिरावल्यावर त्या सिग्नलमध्ये काही माहिती उरतेच असं नाही, पण मधल्या काळात असते आणि तेवढ्यावर पारडं फिरतं. फक्त शेवटची अवस्था बघून निबंध लिहिला तर हे हातातून निसटतं. २००० साली स्कर्म्स आणि पेमँटल यांनी जोडीदार निवडायची मुभा देऊन पाहिलं, तोही रस्ता चांगला आहे. पण आकडे जपून निवडा. गेम थिअरीवाल्या रॉबर्ट ऑमनने १९९० मध्ये दाखवलं की ससा धरणाऱ्यालाही समोरचा हरणामागे गेला तर जास्त मिळत असेल, तर तो कुठल्याही परिस्थितीत "मी हरणालाच येतो" असंच म्हणणार, मग त्या आश्वासनावरून काय कळणार, कप्पाळ? वरच्या ४-३-० मध्ये ही भानगड येत नाही, आकडे जरा बदलले की येते.

तिसरा, सिग्नलिंग गेम, तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसचा, १९६९. एकाला परिस्थिती दिसते, तो सिग्नल देतो, दुसरा फक्त सिग्नल बघून कृती करतो, आणि कृती त्या परिस्थितीला जुळली तर दोघांचा फायदा. पोचलो की मिस्ड कॉल दे, खाली आलो की दोन रिंग दे, हे आपण वर्षानुवर्षं केलंय, रिंगमध्ये स्वतःचा अर्थ काहीच नाही, दोघांच्या वागण्यात आहे. पण तिथे आधी बोलून ठरवलेलं असतं. न ठरवता अर्थ येतो का, हा खरा प्रश्न. लुईसकडे त्यासाठी समंजस माणसं आणि एकमेकांना काय माहीत आहे याचा बराच पसारा लागतो, स्कर्म्सने तो काढून टाकला.

हे कोड न येता घरी करता येतं. दोन परिस्थिती, दोन सिग्नल, दोन कृती. सांगणाऱ्याकडे प्रत्येक परिस्थितीचा एक डबा, त्यात एक लाल, एक निळी गोटी. ऐकणाऱ्याकडे प्रत्येक रंगाचा एक डबा, त्यात प्रत्येक कृतीची एक चिठ्ठी. नाणं उडवून परिस्थिती ठरवा, पहिला गोटी काढून दाखवतो, दुसरा रंग बघून चिठ्ठी काढतो, जुळलं तर दोघांनी काढलेलं परत टाकायचं आणि तसलंच आणखी एक वर टाकायचं, नाही जुळलं तर नुसतं परत. सुरुवातीला निम्म्या वेळा चुकतं, मग कुठलातरी रंग एका बाजूला झुकतो आणि भाषा बसत जाते. या साध्या केसमध्ये ती बसतेच, हे २००९ मध्ये गणिताने सिद्ध झालंय.

आणि इथून पुढे मोकळं मैदान आहे. तीन परिस्थिती घेतल्या की तत्त्वज्ञ जेफ्री बॅरेटच्या सिम्युलेशनमध्ये साधारण दहातला एक रन (म्हणजे सुरुवातीपासून एकदा चालवलेला खेळ) अर्धवट भाषेत अडकला, एकच शब्द दोन गोष्टींना. परिस्थिती ९०-१० अशी असमान केली तर ऐकणारा काही न ऐकता नेहमीचीच कृती करत बसला तरी दहात नऊ वेळा बरोबर, मग शिकायची घाई कोणाला? केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड, साप यांना वेगवेगळ्या हाका देतात (सेफार्थ आणि चेनी वगैरेंचं १९८० चं काम), तिथे दुर्मिळ धोक्याचा शब्द कसा टिकला असेल हा प्रश्न या आकड्यांमुळे जास्त टोकदार होतो.

लुईसच्या गेममध्ये खोटेपणाला जागा नाही, दोघांचं हित एकच धरलेलं आहे. तुम्हाला थापा, जाहिराती, मोराचा पिसारा यात रस असेल तर क्रॉफर्ड-सोबेल १९८२ (हितं पूर्ण जुळत नसतील तर फुकटच्या बोलण्यातून किती कळतं) किंवा झहावीचा १९७५ चा हँडिकॅप (सिग्नल महाग पडतो म्हणूनच त्यावर विश्वास बसतो) बघा, तो वेगळा कप्पा आहे.

डायनॅमिक्स, म्हणजे स्ट्रॅटेजी कशा बदलत जातात याचा नियम, कुठलं घ्यायचं हेही विचारतातच. पिढ्यांबद्दल, समाजाबद्दल बोलायचं असेल तर रेप्लिकेटर (सरासरीपेक्षा जास्त मिळवणारी स्ट्रॅटेजी वाढते), दोन जण एकमेकांकडून शिकतायत असं असेल तर वरचं डब्यांचं रीइन्फोर्समेंट, आणि गाइड तत्त्वज्ञानाचा असेल तर तो हमखास विचारेल की हे असं घडू शकतं एवढंच दाखवलंत, घडलं असं कुठे? त्यासाठी फसलेले रन फेकू नका, किती फसले आणि कुठल्या सुरुवातीवरून फसले याचं टेबल लावा. आठवडा हाताशी असेल तर पहिले दोन दिवस दोन परिस्थिती-दोन सिग्नलवालं साधं सिग्नलिंग, मग तेच ९०-१० करून, मग स्टॅग हंटच्या आधी सिग्नल जोडून. डिलेमा वेळ उरला तर.