बेसाचा बंगला सोडून शंकरनगरचा फ्लॅट : १६ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही नागपूरच्या वेशीवरच्या बेसाचं घर सोडून शहरातल्या शंकरनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पाचपैकी मी साडेचार तारे देते, हे तीन देतात. पत्रिका पाहिली तेव्हा छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते म्हणे. सरासरी काढत बसत नाही, दोघांचंही सांगते.

२००४ मध्ये बेसाला प्लॉट घेऊन बांधलं तेव्हा आजूबाजूला तूर आणि कपाशी होती. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे लिंबाचं झाड, समोर अंगण. मुलगी पुण्याला गेली, मुलगा बंगळुरूला. वरच्या खोल्या महिन्यातून एकदा झाडण्यापुरत्या उघडायच्या. पण खोल्या रिकाम्या पडल्या म्हणून कोणी घर सोडत नाही, रिकामी खोली काही जेवायला मागत नाही. आम्ही घर सोडलं ते कारमुळे.

मला गाडी चालवता येत नाही. तरुणपणी स्कूटर शिकताना मानेवाड्याला पडले, ती परत हातात घेतली नाही. शाळेची बस होती तोवर चाललं. निवृत्त झाल्यावर मात्र कुठंही जायचं म्हणजे "अहो, सोडता का?" भाजी, बँक, बहीण, दातांचा डॉक्टर, सगळ्याला हे. मग मोतीबिंदू आला. एका रात्री वसंतराव देशपांडे सभागृहातून नाटक पाहून परतत होतो. वर्धा रोडवर समोरच्या दिव्यांनी यांचे डोळे दिपले, अजनीच्या पुढं गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "दोन मिनिटं थांबू." दहा मिनिटं थांबलो. दोघंही काही बोललो नाही. ऑपरेशन झालं, नजर सुधारली, पण रात्री गाडी काढायचा यांचा धीर गेला तो गेलाच. रात्री आठनंतर बेसाला ऑटो मिळायचा नाही. मोबाइलवरून बोलावला तर ठिकाण ऐकून रद्द. तेव्हापासून संध्याकाळचे कार्यक्रम, लग्नाची रिसेप्शनं, सगळं बंद.

घर शोधायला लागलो ते २०२३ च्या दिवाळीआधी. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं होतं, त्याला महिनाच झाला होता. एका इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर कमरेच्या उंचीला सरळ आडवी रेघ दिसली. खाली मळकट, वर पांढरं. मी विचारलं तर एजंट म्हणे, "मॅडम, तो रंगाचा फरक आहे." लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघितलं तर चिखल सुकून भेगाळला होता. तिथूनच परत फिरलो. पश्चिम नागपुरात नागनदीच्या आसपास बघत असाल तर फ्लॅट नंतर बघा, आधी पार्किंगची भिंत बघा आणि चौकीदाराला चहा पाजा. एजंटपेक्षा तो खरं सांगतो.

आम्ही घेतला तो तिसऱ्या मजल्यावरचा, १९९० च्या दशकातल्या इमारतीतला. कागदावर १,१५० फूट सुपर बिल्टअप. टेप लावून स्वतः मोजलं तर वापरायची जागा ७९० फूट भरली. बेसाच्या घराचे जेवढे पैसे आले जवळजवळ तेवढेच इथं गेले, जागा मात्र निम्म्याहून कमी. हा हिशेब यांना अजून पटत नाही.

पैशांबद्दल तीन गोष्टी, कारण या आम्हाला उशिरा कळल्या. राहतं घर विकून नफा झाला तर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतल्यास करातून सूट मिळते, तेव्हाच्या आयकर कायद्यात ती कलम ५४ खाली होती. आम्ही भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून फ्लॅट आधी घेतला, जानेवारी २०२४ मध्ये, आणि बेसाला गिऱ्हाईक लागलं नोव्हेंबरमध्ये. म्हणजे वर्ष संपायला दोनच महिने उरले होते. घेणाऱ्याला हे कुठून तरी कळलं आणि त्याने शेवटचे दोन लाख तिथं तोडले. आधी विका, मग घ्या. निदान झोप लागते. दुसरं, ज्याच्या नावावरचं घर विकलं त्याच्याच नावावर नवीन घ्यावं असं आमच्या सीएंनी बजावलं. बेसाचं घर माझ्या नावावर होतं, कर्ज माझ्या शाळेच्या पगारावर काढलं होतं ना. फ्लॅटही माझ्याच नावावर घेतला, त्यामुळे मुद्रांक शुल्कात बाईच्या नावाची एक टक्का सूटही मिळाली. तिसरं, पन्नास लाख किंवा त्याहून वरचा व्यवहार असला तर किमतीतून एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आगाऊ कर, घेणाऱ्याने कापून सरकारात भरायचा असतो. आम्ही घेणारे होतो तेव्हा हे माहीतच नव्हतं, सीएंनी आठवण केली म्हणून वाचलो.

आता माझे साडेचार तारे कशाचे ते सांगते. मेट्रोचे. शंकरनगर स्टेशन दारापासून माझ्या चालीनं सात मिनिटांवर. पहिले पंधरा दिवस हे बरोबर यायचे. मग एका सकाळी यांना झोप लागली होती, मी कार्ड घेतलं आणि एकटीच निघाले. चितारओळीला उतरून इतवारीत गेले, वर्षाची हळद, तिखटाच्या मिरच्या, धणे घेतले, पिशवी खांद्यावर टाकून परत. घरी आले तेव्हा हे दारात. "सांगून तरी जायचं!" मी म्हटलं, "तीस वर्षं सांगूनच जात होते." यात राग नव्हता माझा. थोडा होता.

अ‍ॅक्वा मार्गिका माझ्यासाठीच बांधली असावी असं वाटतं, इतकी ती माझ्या कामाच्या जागांवरून जाते. झाशी राणी चौकाला विदर्भ साहित्य संघ, पुढं बर्डी (सीताबर्डी), मग कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, चितारओळ. मुलीकडं पुण्याला जाताना स्टेशनवर सोडायला कोणी लागत नाही. बर्डीला गाडी बदलली की खापरीच्या बाजूला बहिणीकडं. माझं माहेर महालातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, मी लग्नानंतर एकदाही पाहिली नव्हती. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि मी त्याच गावात राहून "गर्दी असते, गाडी कुठं लावणार" एवढ्यासाठी इतकी वर्षं मुकले. गेल्या वर्षी गेले. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडताना घसा बसला. हे आले नाहीत.

अर्धा तारा कापला तो स्टेशनपासून पुढच्या प्रवासासाठी. रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहाला जायचं तर मेट्रो जवळ पोचवत नाही, ऑटोवाला तोंडाला येईल ते मागतो. आमच्या स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, साठीच्या बाईला रस्त्यावर उतरून चालावं लागतं. गोकुळपेठ बाजार मात्र पायी. तिथला भाजीवाला चार महिन्यांत ओळखायला लागला, "काकू, आज मेथी नका घेऊ, उद्या ताजी येऊन राहिली" म्हणतो. बेसाला वीस वर्षांत भाजीवाल्याशी माझी ओळख नव्हती, कारण भाजी हे आणायचे.

मे महिन्याबद्दल वेगळं लिहिते. नागपुरात घर घेणाऱ्यानं ते मे महिन्यात दुपारी चार वाजता बघावं, हिवाळ्यात सगळीच घरं छान वाटतात. २०१३ च्या मे मध्ये इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. आमचा हॉल पश्चिमेचा. संध्याकाळी सातला भिंतीला हात लावला तर तव्यासारखी.

बेसाला मार्चमध्ये लोखंडी कूलर माळ्यावरून उतरायचा. हे टाकीला आतून रंग द्यायचे, ताट्यांत नवीन गवत भरायचे, पंप साफ करायचे, खिडकीबाहेर स्टँडवर चढवायचे. तो यांचा सण होता. इथं सोसायटीचा नियम, बाहेरच्या भिंतीला स्टँड लावायचा नाही. यांनी बाल्कनीत ठेवला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "भाऊजी, तुमचा कूलर माझ्या साड्यांवर पाऊस पाडून राहिला." टाकी गळत होती, पाणी बाल्कनीच्या कडेनं खाली. हे ओशाळले, दिवसभर एम-सील लावत बसले. तरी गळायचाच.

त्यातून एक शिकलो. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो, त्या हवेला बाहेर जायला दुसरीकडून वाट लागते. बंगल्यात समोरासमोर खिडक्या होत्या, कधी लक्षातच आलं नाही. फ्लॅटच्या हॉलला एकाच बाजूला खिडकी. तासाभरात खोलीत दमट कोंडी, अंगाला कपडे चिकटायचे, मीठ भिजायचं. मग स्वयंपाकघराची खिडकी आणि मधलं दार अर्धं उघडं ठेवायला लागलो तेव्हा कुठं सुसह्य झालं. यंदा एप्रिलमध्ये हार मानून झोपायच्या खोलीत एसी लावला. कूलर आता बाल्कनीत, यांच्या कुंड्यांचा स्टँड झालाय.

फ्लॅट आधी एक उन्हाळा भाड्याने राहून बघायला हवा होता. माझं हे मत ऐकून मुलगा म्हणाला, "आई, तेव्हा मी हेच म्हणत होतो." म्हणाला असेल.

वाळवणाचं दुःख किरकोळ आहे, पण आहे. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडं, ते दुपारी झोपतात. कुरडयांचा चीक शिजवून तयार आणि मी तिसऱ्या मजल्यावर पातेलं घेऊन उभी, असं पहिल्या वर्षी झालं. यंदा चौघी मिळून लेखी अर्ज दिला. हसू नका, अर्जच दिला. एप्रिलचे दोन आठवडे सकाळी सातला गच्ची उघडी. खालच्या काकू त्यातल्याच एक.

बाकी झटपट. पेंच धरणाचं पाणी नळाला येतं, बेसाला बोअर आटली की टँकर, ते संपलं. मेंटेनन्स महिन्याला ३,२०० रुपये. शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत बाइकवाल्या पोट्ट्यांचा धिंगाणा. शेजारचा जुना बंगला पाडून तिथं इमारत उठतेय, सहा महिने सकाळी आठपासून मशीन, रोज पुसूनही टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. डॉक्टर मात्र हवे तेवढे, धंतोली-रामदासपेठ ऑटोनं दहा मिनिटं.

दिवाळीला दोन्ही मुलं कुटुंबासकट आली. आठ माणसं, दोन खोल्या आणि हॉल. पहिल्या रात्री मुलगा सतरंजी पसरता पसरता सहज म्हणाला, "आई, उद्यापासून हॉटेल बघू का?" सहजच म्हणाला. हे तेव्हा बाल्कनीत होते, पण ऐकलं त्यांनी. वर्षातल्या त्या पाच दिवसांसाठी पाच खोल्या ठेवाव्यात असं मला वाटत नाही. यांना वाटतं.

यांचे तीन तारे कशाचे, तेही सांगायला हवं. बेसाला यांचा दिवस भरलेला असायचा : आळं करणं, बोअरची मोटर, गेटला ग्रीस, वरून मला सोडणं-आणणं. इथं पहिल्या पावसाळ्यापर्यंत हे पेपर दोनदा वाचायचे. दाराची कडी उगाच सोडवून परत बसवायचे. मला जे सुटल्यासारखं वाटलं ते यांच्या हातून सुटलं होतं. हे मला कळायला पाचेक महिने लागले, कारण मी बाहेर होते. आता सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला जातात, तिथं चार निवृत्त मंडळी भेटतात. आल्यावर तर्री पोहे खाल्ले की नाही, ते शर्टावरच्या डागावरून कळतं.

मागच्या महिन्यात बेसाच्या नवीन मालकाचा फोन आला. बोअरचा व्हॉल्व्ह सापडत नव्हता. "काका, फोनवर सांगता का?" हे म्हणाले, "फोनवर नाही समजणार, येतो मी." अकराच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून निघाले, मेट्रोनं जयप्रकाशनगर, तिथून ऑटो. एकटे, पहिल्यांदाच. चार वाजता आले तेव्हा हाताला ग्रीस आणि पिशवीत तीसेक लिंबं.

"त्यांनी दिली की तुम्ही मागितली?"

"तोडली," म्हणाले. "झाड त्यांना समजत नाही. आळंच केलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात आळं करायला परत जाऊन आले. हे लिहिताना विचारलं, तीनच ठेवू का वाढवू? म्हणाले, "पावसाळा जाऊ दे."