पदवीधर आमदार की राज्यपालनियुक्त?

भाचा इस्लामपूरहून विचारतोय, विधान परिषदेवर माणूस मतांनी जावा की सरकारनं नेमावा?

खटाटोप मतांत जास्त. पदवीधर आमदाराला पदवीधरच मत देतात आणि त्यांची मतदार यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. फॉर्म १८ भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा. पुणे मतदारसंघात सातारा-सांगलीसकट पाच जिल्हे, उमेदवार जतला येणार कधी? नेमणुकीला मंत्रिमंडळाची शिफारस आणि राज्यपालांची सही पुरते. पण २०२० पासून घोडं तिथंच अडलं. बाराही जागा चार वर्षं रिकाम्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये सात भरल्या.

जाब विचारायचा तर मतदार सहा वर्षांनी घरी बसवतो. नेमलेल्याचे डोळे मुंबईकडे. नेमणुकीसाठी राज्यघटनेचं कलम १७१ साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतली माणसं म्हणतं; माझ्या मते बहुतेकदा पक्षातल्या नाराजांचीच सोय लागते.

नोकरभरती, परीक्षांचे घोळ मांडायला निवडलेलाच हवा. मतं मागणं न जमणाऱ्या लेखक-शास्त्रज्ञासाठी नेमणूक ठीक.