सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या ‘हमखास’ तयारीत झालेली फसवणूक

केंब्रिजच्या सी-वन ॲडव्हान्स्ड या इंग्रजी परीक्षेची तयारी करून देतो, नोंदणीही आम्हीच करतो आणि ‘ए’ श्रेणीची लेखी हमी देतो, असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन शिकवणीने माझे पैसे तर घेतलेच, पण त्याहून वाईट म्हणजे कित्येक महिने माझ्याकडून भलत्याच परीक्षेचा अभ्यास करून घेतला. पैसे गेले की ते निदान कळते. चुकीच्या दिशेने करून घेतलेला अभ्यास मात्र शेवटपर्यंत अभ्यासच वाटत राहतो, आणि म्हणूनच हा सारा प्रकार तपशिलाने लिहीत आहे. शिकवणीचे नाव येथे दिलेले नाही. तक्रारीची चौकशी अजून चालू आहे, आणि अशी मंडळी नाव बदलून पुन्हा जाहिरात करू लागतात, त्यामुळे त्यांची पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

ही परीक्षा १९९१ मध्ये सुरू झाली आणि पुष्कळ जण तिला अजूनही सीएई या जुन्या नावानेच ओळखतात. २०१५ मध्ये तिची रचना बदलली. पूर्वी वाचन आणि भाषावापर (म्हणजे व्याकरण व शब्दसंपदा) या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या एकत्र झाल्या आणि पाचाऐवजी चार प्रश्नपत्रिका राहिल्या. आता वाचन व भाषावापर यांची ९० मिनिटांची, ५६ प्रश्नांची प्रश्नपत्रिका असते, लेखनाला ९० मिनिटे, श्रवणाला सुमारे ४० मिनिटे आणि संभाषणाला उमेदवारांच्या जोडीमागे १५ मिनिटे मिळतात. ही माहिती परीक्षा घेणाऱ्या संस्थेने सर्वांसाठी खुली ठेवली आहे आणि उत्तरांसह नमुना प्रश्नपत्रिकाही विनामूल्य दिल्या आहेत. माझ्या बाबतीत जे घडले, त्यातला जवळजवळ प्रत्येक खोटेपणा या खुल्या माहितीशी ताडून पाहताच उघडा पडतो.

सुरुवात एका मोफत पातळी चाचणीने झाली. चाचणीचा निकाल काही मिनिटांत आला आणि त्यात माझी पातळी ‘बी-वनपेक्षा कमी’ असल्याचे लिहिले होते. भाषाज्ञानाच्या युरोपीय मापदंडात बी-वन, मग बी-टू आणि त्यावर सी-वन असा चढता क्रम आहे. मी नोकरीत रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करते, त्यामुळे मला आश्चर्य वाटले. परंतु सल्लागार बाईंनी फोनवर अत्यंत आपुलकीने समजावले की, ‘मॅडम, बोलता येणे वेगळे आणि परीक्षा वेगळी, आपण अजिबात काळजी करू नका, आमच्याकडे सगळे असेच येतात आणि ए घेऊन जातात.’ शुल्क भरल्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरी चाचणी झाली आणि तिच्यात मी थेट सी-वनला पोहोचले होते. पुढे त्याच गटातल्या इतर विद्यार्थ्यांशी बोलणे झाले तेव्हा कळले की पहिल्या चाचणीत सर्वांचीच पातळी बी-वनच्या खाली निघाली होती आणि दुसरीत सर्वांचीच सी-वन. आधी खाली ढकलायचे आणि मग आपणच वर आणल्याचे दाखवायचे, एवढाच त्या चाचण्यांचा उपयोग होता. दोन्ही निकाल टक्क्यांत होते, हीदेखील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. केंब्रिजचा निकाल टक्क्यांत येत नाही. तो केंब्रिज इंग्लिश स्केल या मापनश्रेणीवर येतो. तिच्यावर १८० ते १९२ म्हणजे ‘सी’ श्रेणी, १९३ ते १९९ म्हणजे ‘बी’ आणि २०० ते २१० म्हणजे ‘ए’. १६० ते १७९ मिळाल्यास बी-टू पातळीचे प्रमाणपत्र मिळते. जी शिकवणी आपल्या सराव चाचणीचा निकाल या श्रेणीत मांडू शकत नाही, तिने मूळ परीक्षेकडे नीट पाहिलेलेच नाही असे खुशाल समजावे.

लेखनाच्या तासांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक नुकसान तेथे झाले. आम्हाला निबंधाचा एक साचा पाठ करायला दिला होता. प्रस्तावनेचे वाक्य ठरलेले, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ठरलेली, समारोप ठरलेला. मध्ये फक्त विषयाचे शब्द भरायचे. निबंध १४० ते १९० शब्दांचा लिहायचा, प्रश्नात दिलेले दोन्ही मुद्दे घ्यायचे आणि तिसरा मुद्दा स्वतःच्या मनाचा जोडायचा, असा दंडक होता. हे सगळे वर्णन बी-टू फर्स्ट या खालच्या पातळीच्या परीक्षेचे आहे. सी-वन ॲडव्हान्स्डमध्ये निबंध २२० ते २६० शब्दांचा असतो. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात, त्यांपैकी दोन निवडून त्यांची चर्चा करायची असते आणि त्यांतला कोणता अधिक महत्त्वाचा हे कारणांसह सांगायचे असते. म्हणजे या परीक्षेत तोलून पाहणे आणि निवड करणे यांची कसोटी लागते, आणि आम्हाला सवय लावली जात होती ती तिन्ही मुद्दे दोन-दोन ओळींत उरकण्याची. भाषावापराच्या सरावातही हेच होते. दिलेला शब्द जसाच्या तसा वापरून वाक्य पूर्ण करण्याचा जो प्रश्न असतो, त्यात सी-वनला तीन ते सहा शब्द चालतात. आमच्या सराव पत्रिकांवर मात्र ‘दोन ते पाच शब्द’ अशी सूचना छापलेली असे. मथळ्यात तेवढे ‘ॲडव्हान्स्ड’ लिहिलेले असायचे, आणि त्या शब्दाचा टंक खालच्या मजकुराच्या टंकापेक्षा वेगळा होता.

निबंध तपासून देण्यासाठी स्वतंत्र शुल्क होते. परत आलेल्या माझ्या एका निबंधाखाली लाल अक्षरांत तीन वाक्ये होती: प्रयत्न चांगला आहे, अधिक प्रगत शब्द वापरा, जोडशब्द वाढवा. गटातल्या एका विद्यार्थिनीने लेखनाचा सराव म्हणून लिहिलेले आपले तक्रारपत्र मला दाखवले, तर त्याखालीही तीच तीन वाक्ये, त्याच क्रमाने, त्याच चुकीच्या स्वल्पविरामासह होती. माझ्या निबंधात एका परिच्छेदात क्रियापदाचा काळ मधेच बदलला होता, त्याकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. खऱ्या परीक्षेत लेखनाचे गुण चार कसोट्यांवर दिले जातात: आशय, वाचकाला व प्रसंगाला साजेशी मांडणी, रचना आणि भाषा, प्रत्येकीला शून्य ते पाच गुण. तपासणाऱ्याने या चारांपैकी एकीचाही उल्लेख न करता केवळ ‘प्रगत शब्द वापरा’ असे सांगितले, तर त्याने लेखन वाचलेले नाही, असेच म्हणावे लागते.

परीक्षा जवळ येऊ लागली तेव्हा मूळ व्यवहार पुढे आला. रात्री उशिरा एक संदेश आला की, ‘आपल्या तारखेची प्रश्नपत्रिका आमच्या माणसाकडे आली आहे, फक्त निवडक विद्यार्थ्यांना देत आहोत, कोणाला सांगू नका.’ सोबत नमुना म्हणून दोन पाने जोडली होती आणि उरलेल्या पानांसाठी मोठी रक्कम मागितली होती. त्या दोन पानांनीच त्यांचे बिंग फोडले. पहिल्या पानावर तीन-तीन वाक्यांचे संच होते आणि तिन्ही वाक्यांतल्या गाळलेल्या जागी बसेल असा एकच शब्द शोधायचा होता. हा प्रश्नप्रकार सीएईमध्ये पूर्वी होता. २०१५ च्या फेररचनेत तो काढून टाकण्यात आला. दुसऱ्या पानाच्या तळाशी कापताना राहून गेलेला पृष्ठक्रमांकाचा वरचा अर्धा भाग दिसत होता आणि बांधणीच्या बाजूला पुस्तकाच्या घडीची काळी सावली पडली होती. म्हणजे ‘फुटलेली’ म्हणून विकायला काढलेली प्रश्नपत्रिका ही कुठल्या तरी जुन्या सराव पुस्तकाची छायाप्रत होती.

या धंद्याची खरी हुशारी मला येथे दिसली. प्रश्नपत्रिका खोटी असल्याचे घेणाऱ्याला परीक्षेनंतर कळणारच असते. पण तो तक्रार करू शकत नाही, कारण फुटलेली प्रश्नपत्रिका विकत घेण्याचा प्रयत्न हा स्वतःच गैरप्रकार आहे आणि तो उघड झाल्यास निकाल रोखला जाऊ शकतो. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. मी पैसे देण्यास नकार दिला. गटातल्या ज्यांनी दिले असतील ते आजही गप्प आहेत, आणि त्यांचे ते गप्प राहणेच विकणाऱ्यांचे भांडवल आहे.

नकारानंतर मला नोंदणीची शंका आली. नोंदणीचे शुल्क आणि पारपत्राची प्रत त्यांनी आधीच घेतली होती आणि बदल्यात एक पत्र पाठवले होते. ते मी पुन्हा नीट वाचले. त्यात वाचन आणि भाषावापर या दोन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका दाखवल्या होत्या आणि संभाषणाची परीक्षा ‘एकट्याने, एका परीक्षकासमोर’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात संभाषणाला सहसा दोन उमेदवार एकत्र बसतात, क्वचित तीन, आणि समोर दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा ऐकून गुण देतो. पत्रावर ज्या अधिकृत परीक्षा केंद्राचे नाव होते, त्या केंद्राशी मी थेट संपर्क साधला. माझ्या नावाची नोंदणी त्यांच्याकडे नव्हती, आणि त्या सत्राच्या नोंदणीची मुदतही तोवर संपली होती. परीक्षेची नोंदणी अधिकृत केंद्राकडे होते आणि परीक्षेची तारीख, वेळ व ठिकाण यांची पुष्टी केंद्राकडून येते. मधल्या माणसाने पाठवलेले पत्र केंद्राकडून पडताळून घेईपर्यंत त्याला काही किंमत देऊ नये.

पैसे परत मागितल्यावर आवाज बदलला. ‘मॅडम’चे ‘तुम्ही’ झाले आणि मग, तुमचे पारपत्र आमच्याकडे आहे, गैरप्रकारासाठी तुमचे नाव कळवू, अशी धमकी आली. ती निष्फळ ठरल्यावर दोनच दिवसांत त्याच क्रमांकावरून समेटाचा प्रस्ताव आला: परीक्षा न देताच प्रमाणपत्र देतो, ‘संकेतस्थळावर तपासले तरी खरे निघेल’. केंब्रिजचे निकाल संस्थांना थेट केंब्रिजच्या पडताळणी सेवेतून तपासता येतात. विकत मिळणारे प्रमाणपत्र तपासण्यासाठी विकणाराच एक हुबेहूब दिसणारे संकेतस्थळ देतो आणि तेथे ते अर्थातच खरे निघते. इंग्रजी परीक्षांतील तोतयेगिरीचे परिणाम किती दूरवर जातात हे २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत उमेदवारांऐवजी दुसरेच बसत असल्याचे बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमाने उघड केले, सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांवर कारवाई केली, आणि स्वतः प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्या अनेकांना ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले.

जाता जाता आणखी एका लहान फसवणुकीची नोंद करते. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांनी संपते असे सांगून आमच्यातल्या काही जणांकडून ‘नूतनीकरण योजने’चे पैसेही घेतले गेले. दोन वर्षांची मुदत आयईएलटीएसच्या निकालाला सामान्यतः लावली जाते. सी-वन ॲडव्हान्स्डच्या प्रमाणपत्रावर मुदत नसते. एखादी विशिष्ट संस्था अलीकडचाच निकाल मागू शकते, पण तो त्या संस्थेचा नियम झाला आणि त्यासाठी कोणाकडे नूतनीकरण करता येत नाही.

हमीबद्दलही सांगायला हवे. लेखी उत्तरपत्रिकांची तपासणी केंब्रिजकडून होते, स्थानिक केंद्राकडूनही नव्हे. संभाषणाचे गुण प्रशिक्षित परीक्षक तेथल्या तेथे देतात, आणि अंतिम निकाल वाचन, भाषावापर, लेखन, श्रवण व संभाषण या पाचांच्या सरासरीने ठरतो. यांतले काहीच शिकवणीच्या हातात नसते. मला आधी शिकवलेल्या चांगल्या शिक्षकांपैकी कोणीही श्रेणीची हमी दिली नव्हती, आणि ते त्यांच्या सचोटीचेच लक्षण होते हे मी आता ठामपणे म्हणू शकते.

तक्रार करताना कामी आलेल्या गोष्टी अशा: भरणा झाल्याच्या पावत्या, संदेशांची तारीख व वेळ दिसेल अशी छायाचित्रे, ते खोटे नोंदणीपत्र, आणि आपली नोंदणी नसल्याचे अधिकृत केंद्राने लिहून दिलेले उत्तर. यांतल्या शेवटच्या कागदामुळे बँकेने नोंदणीशुल्काच्या रकमेवरचा माझा दावा स्वीकारला. शिकवणीच्या शुल्काबाबत मात्र ‘सेवा दिली गेली आहे’ असा समोरच्यांचा युक्तिवाद आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पारपत्राच्या प्रतीचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंद पोलिसांकडे केली आहे. ध्वनिमुद्रण नसेल तर फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड असते हे सल्लागार बाईंना चांगले ठाऊक असावे, कारण हमीचा शब्द त्यांनी प्रत्येक वेळी फोनवरच दिला आणि ‘लेखी हमी’ मागितली की दुसऱ्या दिवशी पाठवते म्हणाल्या.