वनराजा कोंबड्या : दीड वर्षाच्या सोबतीनंतर

गुहागरजवळ आमच्या घरामागे पोफळीची छोटी वाडी आहे. तिथे दीड वर्षापूर्वी वनराजा जातीची दहा पिल्ले आणली. महिन्याची, लसीकरण झालेली, प्रत्येकी १४० रुपयांना. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच तयार केलेली आहे. गावठी कोंबडीपेक्षा अंडी जास्त आणि वजनही लवकर धरते, असे तिच्याबद्दल सगळे सांगतात, आणि आमचा अनुभव त्याहून वेगळा नाही. मात्र या कोंबड्यांच्या स्वभावाबद्दल कोणीच काही सांगत नाही.

आधी तक्रार नोंदवतो. विक्रेत्याने "सात तरी तलंगा निघतील", म्हणजे दहांत सात तरी माद्या असतील, असे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात पाच कोंबडे निघाले. आषाढात, बाहेर सोडणे शक्य नसताना, त्यांनी खुराड्यात एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ केले, तेव्हा चौघांना निरोप द्यावा लागला. त्याच दिवसांत खुराड्यात अंथरलेले, ओल धरलेले भाताचे तूस मी वेळेवर बदलले नाही, रक्ती हगवण लागली आणि एक तलंग दगावली. हा दोष सर्वस्वी माझा.

उरलेल्या चौघींत ठकी पहिली. कणीच्या भांड्यापाशी तिच्याआधी चोच घालणारीला टोच बसते, दुसरी तिसरीला टोचते, आणि चौथी, जिला आई 'बापडी' म्हणते, ती सगळ्यांचे होईपर्यंत तुळशीवृंदावनाआड उभी राहते. अशी उतरंड असते हे नॉर्वेच्या एका अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी मांडले. आमच्याकडे ती बदललेली मी एकदाच पाहिली, ठकी पिसे गाळून बोडकी झाली होती तेव्हा, आणि तीही जेमतेम तीन आठवडे.

राखलेला कोंबडा भांडखोर असेल असे वाटले होते. सडक्या झावळीखाली वाळवी सापडली की तो स्वतः खात नाही. किडा चोचीने उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि घाईघाईने टुक-टुक करत कोंबड्यांना बोलावतो. घार दिसली तर त्याचा आवाज बारीक आणि लांब निघतो व सगळ्या अबोलीच्या ताटव्यात शिरतात. मुंगूस दिसले तर मान ताठ करून तो मोठ्याने कलकलाट करतो. हा फरक आईला आता स्वयंपाकघरात बसून कळतो.

एक उणीव आहे. वनराजा सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, त्यामुळे अकरा अंडी शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबडीखाली रवणीला ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले निघाली. अर्थात ही जात संकरित असल्यामुळे पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

संध्याकाळी आई मागीलदारी तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, निवडायला बसते, तेव्हा ठकी शेजारी येऊन बसते. शिंपल्यांचा चुरा तिला सकाळीच मिळालेला असतो आणि आई तिला हातचे काही देत नाही, तरी काम संपेपर्यंत ती उठत नाही.

पुढची पिल्ले फेब्रुवारीत, याच जातीची घेईन. विक्रेता मात्र दुसरा असेल. सोबत एक गावठी कोंबडीही घेईन, रवणीसाठी.